१९८५ ची ट्रुएनो घेण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते मूळचे पुण्याचे असून सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतात. त्यांच्या पाहण्यात १९८५ सालची टोयोटा स्प्रिंटर ट्रुएनो जीटी-अ‍ॅपेक्स ही तीन दारांची, पांढऱ्या-काळ्या रंगाची गाडी विक्रीला आली आहे. पाच वर्षांपूर्वी ती जपानहून आयात केली गेली, नुकतीच पूर्ण रंगवली गेली, तिला पुढच्या पिढीचे वीस व्हॉल्व्हचे इंजिन बसवलेले आहे, मीटरवर ९४ हजार किलोमीटर दिसतात आणि 'कागदपत्रे उपलब्ध आहेत', असे जाहिरातीत म्हटले आहे. गाडी अस्सल आहे हे कसे ओळखावे, मागितलेली किंमत रास्त आहे का, आणि पुढेमागे पुण्याला परतताना ती सोबत नेता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिन उघडायला शिकलो आणि गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये जुन्या जपानी गाड्या दुरुस्त करतो. त्या अनुभवावरून पहिलीच गोष्ट सांगतो. तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीत इंजिनावर सात ओळी आहेत आणि पत्र्यावर 'नुकतीच रंगवली' एवढे दोनच शब्द. हे प्रमाण उलटे असायला हवे होते. या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन यांतले बहुतेक सर्व काही आजही मिळते किंवा करून घेता येते. मिळत नाही ते मूळ बॉडीशेल आणि त्यावर कारखान्यात ठोकलेला चॅसी नंबर. तुम्ही पैसे मोजणार आहात ते या दोन गोष्टींसाठी.

नंबराला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी गाडीची कुळकथा थोडी माहीत हवी. १९८३ साली टोयोटाने कोरोला मालिकेतील बहुतेक गाड्या पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या रचनेवर नेल्या. परंतु लेव्हिन आणि ट्रुएनो ही दोन स्पोर्ट्स रूपे मात्र जुन्या पद्धतीच्या मागच्या चाकांवरच ठेवली. लेव्हिनचे हेडलाइट स्थिर, ट्रुएनोचे बटण दाबल्यावर वर उघडणारे. बाकी दोन्ही गाड्या सख्ख्या भावंडांसारख्या. १९८३ च्या मेपासून १९८७ पर्यंत त्या बनल्या आणि नंतरच्या पिढीत त्याही पुढच्या चाकांवर गेल्या. सुमारे ९४० किलो वजन, १५८७ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे फोर-ए-जीई इंजिन, मागे साधा अखंड अ‍ॅक्सल आणि तोल इतका सरळ की चूक झाली तर ती चालकाला आधी कळते. डोंगरी घाटरस्त्यांवर मागची चाके घसरवत गाडी वळवण्याच्या शैलीसाठी केइची त्सुचिया या शर्यतपटूने तिला प्रसिद्धी दिली. पुढे नव्वदच्या दशकातील एका गाजलेल्या जपानी चित्रकथेत हीच पांढरी-काळी ट्रुएनो नायकाच्या हाती आली आणि एके काळी विद्यार्थ्यांना परवडणारी जुनी गाडी संग्राहकांच्या यादीत जाऊन बसली. जपानी लोक तिला 'हाचि-रोकु' म्हणतात, म्हणजे आठ-सहा. हे दोन अंक तिच्या चॅसी कोडातले आहेत: एई-८६.

आता खरी मेख. याच शरीरात, याच दिसण्यात, टोयोटाने एक स्वस्त गाडीही विकली. तिचा कोड एई-८५. तिच्यात १४५२ सीसीचे, एकाच कॅमशाफ्टचे, कार्ब्युरेटरवर चालणारे ८३ अश्वशक्तीचे इंजिन असे. बाहेरून पाहणाऱ्याला, विशेषतः चिन्हे आणि बंपर बदलल्यावर, दोघींत फरक कळत नाही. एई-८६ ची किंमत चढू लागली तसे एई-८५ मध्ये मोठे इंजिन बसवून ती विकण्याचे प्रकार वाढले. त्यात मुळात गैर काही नाही. नीट केलेले असे रूपांतर चालवायला उत्तम असते आणि मी स्वतः अशा गाड्या बांधल्या आहेत. गैर आहे ते तिला एई-८६ म्हणून विकणे. म्हणून बोनेट उघडल्यावर नजर इंजिनाकडे न जाता थेट मागच्या आडव्या पत्र्याकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या फायरवॉलकडे जायला हवी. चॅसी नंबर तिथे पत्र्यातच ठोकलेला असतो आणि तो 'एई-८६' या अक्षरांनी सुरू व्हायला हवा. मॉडेल कोड लिहिलेली वेगळी पट्टीही असते, पण ती स्क्रू काढून बदलता येते. म्हणून पट्टीवर विश्वास न ठेवता ठोकलेल्या अंकांवर ठेवा. अंकांच्या भोवती वेल्डिंगचा माग, घासल्याच्या रेषा किंवा रंगाचा जाड थर दिसला तर थांबा.

इथेच तुमच्या जाहिरातीतले इंजिन मला अस्वस्थ करते. वीस व्हॉल्व्हचे हे इंजिन टोयोटाने १९९१ पासून पुढच्या चाकांच्या गाड्यांसाठी आडवे बसवायला बनवले. आधीची चंदेरी झाकणाची आवृत्ती १६० अश्वशक्तीची, १९९५ ची काळ्या झाकणाची १६५ ची. ते ट्रुएनोत उभे बसवले की इंजिनाच्या हेडच्या मागच्या टोकाला असलेला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग, फायरवॉलवर आदळतो आणि पाण्याच्या नळ्यांनाही जागा उरत नाही. शहाणा मिस्त्री डिस्ट्रिब्युटर हलवतो किंवा तो काढून स्वतंत्र कॉइलची इग्निशन बसवतो. घाईतला मिस्त्री हातोडा घेऊन फायरवॉल आत ठोकतो किंवा कापतो. म्हणजे ज्या पत्र्यावर गाडीची ओळख आहे, त्याच पत्र्यावर घाव. हे काम कसे झाले आहे याचे छायाचित्र विक्रेत्याकडून भेटीपूर्वीच मागवा; ते आले नाही तर पेट्रोल वाचवा.

नंबराव्यतिरिक्त खालून पडताळण्याच्या दोन खुणा सांगतो. जीटी-अ‍ॅपेक्सला मागेही डिस्क ब्रेक असतात, एई-८५ ला ड्रम असतात. आणि एई-८५ चे डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या दोन चाकांत शक्ती वाटणारी गिअरपेटी, लहान असते. हे दोन्ही भाग बदलता येतात, त्यामुळे त्यांचे असणे हा पुरावा नव्हे. मात्र अस्सल म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीत ते नसतील तर प्रश्न तिथेच संपतो. १९८५ या सालाविषयीही एक बारकावा आहे. त्या वर्षीच्या मेमध्ये बंपर, मागचे दिवे आणि इतर काही तपशील बदलले गेले. जपानी भाषेत आधीच्या गाड्यांना 'झेन्की' आणि नंतरच्यांना 'कोउकी' म्हणतात. कागदावर जपानी कालगणनेप्रमाणे शोवा ६०, म्हणजे १९८५, आणि महिना कोणता आहे ते पाहा, आणि गाडीवरचे दिवे-बंपर त्या महिन्याशी जुळतात का ते ताडून घ्या. न जुळणे हा गुन्हा नाही, कारण चाळीस वर्षांत बंपर तुटतातच. पण मग 'सर्व मूळ' हा शब्द किंमतीतून वजा झाला पाहिजे.

'कागदपत्रे उपलब्ध' या शब्दांचा अर्थ विक्रेत्याकडून स्पष्ट करून घ्या. जपानमधून निघताना गाडीची नोंदणी रद्द होऊन निर्यातीचे प्रमाणपत्र मिळते. त्यावर चॅसी नंबर आणि जपानमधील पहिल्या नोंदणीचा महिना असतो. गाडी लिलावातून आली असेल तर लिलावाचा तपासणी तक्ताही असायला हवा. त्यावर गाडीचा नकाशा काढून जागोजागी अक्षरे लिहिलेली असतात: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेली लहरदार जागा, एस म्हणजे गंज, सी म्हणजे पत्रा खाल्लेला, एक्सएक्स म्हणजे भाग बदललेला. अक्षरापुढचा अंक जितका मोठा तितके दुखणे मोठे. एकूण श्रेणीच्या जागी 'आर' असेल तर अपघातानंतरची दुरुस्ती समजावी. पण केवळ त्यावरून गाडी सोडू नये, कारण शर्यतीच्या वळणांवर वाढलेल्या या गाड्यांपैकी न आपटलेली सापडणे दुर्मिळ आहे. माझ्या दृष्टीने त्या तक्त्याचा सर्वांत मोठा उपयोग असा की पाच वर्षांपूर्वी, रंग देण्याआधी, गंज कुठे होता हे तो सांगतो. विक्रेत्याने आज जे रंगाखाली झाकले आहे, ते तिथे एका तटस्थ माणसाच्या हस्ताक्षरात आहे.

९४ हजार किलोमीटरकडे मी दुर्लक्ष करीन. इंजिन दुसऱ्या गाडीचे, तेव्हा मीटरवरचा आकडा इंजिनाविषयी काहीच बोलत नाही. आणि पत्र्याचे आयुष्य किलोमीटरवर नव्हे, हवेवर ठरते.

आता पत्रा. आयात केलेली गाडी म्हणजे गंज नसलेली गाडी, असा एक समज इंग्लंडमध्ये रूढ आहे. त्याला थोडा आधार आहे, कारण इथल्या रस्त्यांवर दर हिवाळ्यात मीठ पडते आणि जपानच्या बऱ्याच भागांत पडत नाही. पण होक्काइदो आणि तोहोकू या हिमवर्षावाच्या प्रदेशांतही बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर रसायने टाकतात, आणि किनाऱ्यावरच्या गावांत खारा वारा आहेच. रत्नागिरी-मालवणकडे नवी स्कूटर दोन पावसाळ्यांत कशी होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. शिवाय ही गाडी आता इंग्लंडमध्ये पाच हिवाळे काढून बसली आहे. त्यांत ती बाहेर उभी होती की गॅरेजमध्ये, हा प्रश्न 'जपानमध्ये कुठे होती' याच्याइतकाच महत्त्वाचा आहे.

गाडी पाहायला जाताना जुने कपडे, टॉर्च आणि फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक न्या, आणि गाडी रॅम्पवर चढवून दाखवण्याची अट आधीच घाला. सुरुवात मागच्या चाकांच्या कमानींपासून करा, कारण तिथे बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे जोडलेले असतात आणि चिखल त्यांच्या मधोमध साचतो. बाहेरचा पत्रा बदलून, पुट्टी भरून, रंग देऊन देखणा करता येतो, पण आतला कुजलेला राहतो. म्हणून मागच्या बाजूचे आतले प्लास्टिकचे आवरण काढून हात आत घालून पाहा. दारांखालच्या लांब पेटीसारख्या भागावर, ज्याला इथे सिल म्हणतात, प्लास्टिकची शोभेची पट्टी असेल तर ती उचलून पाहायची परवानगी मागा. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका चकचकीत ट्रुएनोत त्या पट्टीखाली पत्रा नव्हताच. फायबरग्लासचे कापड, पुट्टी आणि वर उत्तम रंग होता. जॅक लावताच तो भाग पापडासारखा मोडला. मालकाने ती गाडी रंगावर भाळून घेतली होती, आणि खरे सांगायचे तर उभ्या उभ्या पाहताना मीही फसलो होतो.

पुढे गेल्यावर बोनेटखाली दोन्ही सस्पेन्शनच्या मनोऱ्यांचे डोके पाहा. तिथल्या जोडांवरचे सीलंट कारखान्याच्या ओबडधोबड ब्रशाचे आहे की कोणीतरी अलीकडे गुळगुळीत फासलेले आहे, हे डोळ्यांना लगेच कळते. पुढच्या काचेच्या तळाशी पाने साचून पाणी केबिनमध्ये झिरपते, म्हणून पायांखालचा गालिचा उचलून गाडीच्या तळाचा पत्रा दाबून पाहा. डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा पाहा. मागच्या दिव्यांची रबरे वाळली की पाणी नेमके तिथेच जमते. छताला उघडती काच असेल तर तिच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबलेल्या असू शकतात. आणि सर्वांत शेवटी, खालून, मागचा अ‍ॅक्सल धरून ठेवणाऱ्या दांड्या बॉडीला जिथे जोडल्या आहेत त्या जागा तपासा. गाडीची सगळी ढकल त्या चार जागांवर येते. कमान कुजली तर पैसे जातात; या जागा कुजल्या तर गाडी चालवण्याजोगीच राहत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यातच सांगतो. थंड इंजिन स्वतःच्या समोर सुरू करा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी या. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचे. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर बदललाच नाही असे धरा. वायरिंग कोणी केले आणि त्याचा नकाशा आहे का हे विचारा, कारण अशा रूपांतरित गाड्या बंद पडतात त्या बहुधा पिस्टनमुळे नव्हे, सीटखाली टेपने गुंडाळलेल्या वायरींमुळे. गिअरबॉक्स मूळचा टी-५० असेल तर तिसऱ्यातून दुसऱ्यात घाईने उतरून पाहा. दुसऱ्या गिअरचे सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणारे कडे, झिजले असेल तर तो खरखरून सांगेल. जादा शक्तीच्या इंजिनाखाली हा बॉक्स लवकर थकतो. मूळचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन विक्रेत्याकडे पडून असेल, तर ते सौद्यात घालून मागाच. उद्या तुम्हीच गाडी विकाल तेव्हा त्याचे मोल आजच्यापेक्षा जास्त असेल.

सुट्या भागांचे चित्र दहा वर्षांपूर्वीइतके निराशाजनक नाही. टोयोटाने 'जीआर हेरिटेज पार्ट्स' या योजनेत २०२१ साली एई-८६ चाही समावेश केला आणि पुढची चाके वळवणारे स्टिअरिंगचे 'नकल आर्म' व मागचे ब्रेक कॅलिपर यांसारखे भाग पुन्हा बनवायला घेतले. पत्र्याचे काही तुकडे लहान कारखाने बनवतात, पण ते बसवायला कुशल डेंटर लागतो आणि इंग्लंडमध्ये खर्च त्याच्या तासांचा असतो, पत्र्याचा नव्हे.

किंमतीविषयी तुम्ही माझे मत विचारले आहे. रंगवलेली, इंजिन बदललेली गाडी आणि मूळ इंजिन, मूळ रंग असलेली गाडी यांना एकच भाव मागितला जात असेल, तर तो भाव दुसरीचा आहे. तुम्ही कळवलेला आकडा मला मूळ गाडीच्या जवळचा वाटतो. नंबर अस्सल निघाला, फायरवॉल शाबूत असली आणि रंगकामाच्या आधीची उघड्या पत्र्याची छायाचित्रे विक्रेत्याने दाखवली, तर मी थोडी घासाघीस करून ती घेईन. छायाचित्रे नसतील तर मागच्या दोन्ही कमानी आणि दोन्ही सिल नव्याने कराव्या लागतील असे गृहीत धरून, त्या कामाचा अंदाज स्थानिक डेंटरकडून लेखी घेऊन, तो आकडा वजा करून बोलेन. विक्रेता रागावेल. रागावू द्या.

इंग्लंडमधील कागदांबाबत फार अडचण नसावी, कारण गाडी इथे आधीच नोंदलेली आहे. मात्र नोंदणीपत्रावरचा चॅसी नंबर आणि फायरवॉलवरचा नंबर अंकाला अंक लावून पाहा. १ जानेवारी १९८६ पूर्वी बनलेली गाडी १ एप्रिल २०२६ पासून ऐतिहासिक वर्गात नोंदवून रस्ताकरातून सूट मिळवता येते, आणि त्या वर्गात गेल्यावर लंडनच्या प्रदूषण शुल्कातूनही ती सुटते. चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या व फार बदल न केलेल्या गाडीला वार्षिक तपासणीही सक्तीची राहत नाही. तरी वर सांगितलेल्या चार जागांचा विचार करून तपासणी दरवर्षी स्वेच्छेने करून घ्यावी. आधीच्या सर्व तपासण्यांचे शेरे सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून कोणालाही मोफत वाचता येतात. 'मागील कमानीजवळ गंज' असे वाक्य तिथे सापडले तर त्याची प्रत खिशात ठेवूनच भावाला बसा. विमा कंपनीशी आधीच ठरवून घेतलेल्या मूल्याचा घ्या आणि बदललेल्या इंजिनाची माहिती विमा कंपनीला लेखी द्या.

पुण्याला नेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी असा नियम आहे. आणि पुरातन गाड्यांसाठी जी सवलत आहे ती पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना आहे. १९८५ ची गाडी या दोहोंच्या मध्ये अडकते. आजच्या नियमांप्रमाणे २०३५ नंतर विषय पुन्हा काढता येईल.

जाताजाता एक गोष्ट. त्या काळच्या जपानी गाड्यांत ताशी सुमारे १०५ किलोमीटरच्या वर गेल्यावर 'किन-कोन' अशी घंटी वाजत राहत असे. १९८६ साली ती सक्ती उठली आणि बहुतेकांनी ती काढून टाकली. चालवून पाहताना मोटरवेवर ती घंटी वाजली तर बंद करायला सांगू नका. त्या डॅशबोर्डमागे आजवर फारसे कोणी हात घातलेला नाही, असा त्याचा अर्थ होतो, आणि मग तो ९४ हजारांचा आकडा निदान बॉडीपुरता तरी खरा असण्याची शक्यता वाढते.